सुमन गाडीतून उतरली नाही

माझी आई पिक्चर सांगायची. इतरांच्या आया गाणी म्हणत, राजाराणीच्या गोष्टी सांगत; माझी आई पंचफुलाबाई तीन तासांचा अख्खा हिंदी पिक्चर सांगायची, आणि तोही शेतात निंदण करता करता, हातातलं खुरपं क्षणभरही न थांबवता. हे लिहिताना माझी मान जरा ताठ होते, ती मी होऊ देते. उभी नोकरी मी शाळेत मराठी शिकवण्यात घालवली. गोष्ट कशी रचावी, प्रवासवर्णन कसं लिहावं, माणसाच्या आयुष्याची कहाणी कुठून सुरू करावी यावरची पुष्कळ पुस्तकं वाचली, त्यांवर पोरांच्या परीक्षाही घेतल्या. आईला ठाऊक नव्हतं असं त्यांत फारसं काही सापडलं नाही. मात्र आईला सही करण्यापलीकडे लिहिता येत नव्हतं, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आहे.

आमचं गाव वाशिमकडचं, किन्हीराजाच्या पलीकडचं. बौद्धवाड्यात एकाच अंगणात आमची दोन घरं होती, एक आमचं आणि एक मोठेबाबांचं. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. जयंती मंडळाचे अध्यक्ष, आवाज खणखणीत, आणि वाद घालायची भारी हौस. समोरच्याचा मुद्दा पटला तर तोंडावर कबूल करायचे, हा त्यांचा मोठा गुण. पण पटवायला समोर कोणी उभंच राहत नसे, ही अडचण. बाबा त्यांच्यापुढे मान खाली घालून बसायचे. आई तर त्यांच्यापुढे बोलायचीच नाही. भासऱ्यापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, पदर डोक्यावर घ्यायचा आणि आवाज काढायचा नाही अशी रीतच होती, आणि चार घरं गदगदा हसवणारी माझी आई मोठेबाबा अंगणात आले की चुलीपाशी सरकून मुकी व्हायची. मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, मुळातच कमी बोलणारी. दोन्ही घरांच्या चुली वेगळ्या असल्या तरी कालवण इकडून तिकडे जायचं. पावसाळ्यात बांधावरचा तरोटा खुडून आणायचा, त्याची भाजी, ज्वारीची भाकरी, पाट्यावर वाटलेला मिरचीचा ठेचा. तरोट्याची ती कडसर चव मला अजून आठवते. आता वाशिमच्या बाजारात त्याची जुडी विकायला दिसते तेव्हा मी भाव न विचारता घेते, आणि घरी कोणालाच आवडत नाही म्हणून एकटी खाते.

निंदणाला दोन्ही घरच्या बायका एकाच टोळीत जायच्या. बारा-चौदा बाया शेताच्या एका धुऱ्यावर, म्हणजे बांधाशी, रांगेत बसायच्या, प्रत्येकीच्या वाट्याला पिकाच्या दोन-तीन ओळी. त्याला पात म्हणतात. सगळ्यांनी आपापली पात धरून एका चालीनं पुढे सरकायचं आणि पलीकडच्या धुऱ्याला पोचायचं. एखादी मागे पडली तर शेजारणीनं तिची पात ओढून द्यायची, कारण रांग मोडली की काम मोडतं. पहिल्या पातीवर मोठीआई असायची. तिच्या हाताच्या चालीवर सगळ्या चालायच्या, आणि मोठीआईचा हात चालायचा आईच्या पिक्चरवर. पिक्चरमध्ये कोणी आजारी पडलं, मायलेकींची ताटातूट झाली की खुरपी मंद व्हायची, बाया नाक पुसायच्या. टांगा निघाला, रेल्वे सुटली, कोणी कुठे तडकाफडकी निघालं, की सगळी रांग सरसर पुढे जायची. शेतवाले किसनभाऊ हे ओळखून होते. दुपार कलली आणि निम्मं वावर शिल्लक दिसलं की ते धुऱ्यावर येऊन आईला म्हणायचे, आता जरा प्रवासाचा भाग घ्या बाई. आई त्यांच्या शब्दाला मान देऊन एखाद्या पात्राला कारण नसताना नागपूरला धाडून द्यायची.

आता घरातलं गुपित. आईनं आयुष्यात एकही पिक्चर पाहिलेला नव्हता. बाजाराच्या दिवशी ती मालेगावला फुटाणे आणि भाजलेल्या शेंगा विकायची. तिथे तेव्हा पत्र्याची एक टॉकीज होती. दुपारचा खेळ सुरू झाला की टॉकीजच्या मागच्या बाजूला सावली पडायची, तिथे आई टोपलं घेऊन बसायची, पत्र्याला पाठ लावून. मध्यंतरात माणसं मागच्याच दारानं बाहेर येत, म्हणून धंद्यालाही जागा चांगली. आतलं सगळं स्वच्छ ऐकू यायचं: बोलणं, रडणं, दार आपटणं, घोड्याच्या टापा. बाजारात ऐकून ऐकून हिंदी तिला चांगली कळायची. एक पिक्चर दोन बाजार चालला तर ती तो दोनदा ऐकायची. गावातल्या बायांना वाटायचं, शेंगावाली म्हणून हिला फुकट आत सोडतात. आईनं तसं कधी सांगितलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. मी सुट्टीत तिच्याबरोबर जायची म्हणून मला माहीत होतं. आत जाऊन बघ ना एकदा, असं मी म्हटलं तर ती म्हणायची, आत गेल्यावर शेंगा कोण विकणार. पण मला वाटतं, तिला गरजच नव्हती. आवाज पुरत होता. हिरॉइनच्या साडीचा रंग आणि सासूच्या नाकाचा आकार ती स्वतःच ठरवायची.

बायांचा सगळ्यांत लाडका पिक्चर सुमनचा. सुमन ही एका मोठ्या घरची सून, नवरा गेलेला, शिकायची आवड. सासरा मायाळू, पण उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू देईना. शेवटी तिला लांबच्या गावी मास्तरणीच्या ट्रेनिंगला जागा मिळते आणि ती पेटी घेऊन स्टेशनवर जाते. मागोमाग सासरा येतो, पोरी परत चल म्हणून रडतो. ती काही बोलत नाही. मग शिटी, इंजिनाची भकभक, चाकांचा आवाज वाढत वाढत जातो, गाडी निघून जाते, बाजा वाजतो आणि टॉकीजचं दार उघडतं. आई हे सांगायची तेव्हा शेवटच्या भागात कोणी श्वास घेत नसे. सुमन गेली, असं म्हणून आई थांबायची, आणि रांगेत कुणीतरी, बहुतेक गोकर्णाकाकू, म्हणायची, बरं झालं बाई गेली ते. दोन पावसाळे आमच्या शिवारात सुमन अशी कितीदा तरी गेली.

त्या वर्षी मी दहावी पास झाले, पहिल्या वर्गात. वाड्यातली पहिलीच पोरगी. मोठेबाबांनी स्वतः पेढे वाटले. बाईंनी शाळेतून निरोप धाडला की वाशिमला कॉलेज आहे, मुलींचं वसतिगृह आहे, जागा अडवून ठेवली आहे, महिन्याच्या आत या. आणि त्याच आठवड्यात रिठदहून माझ्यासाठी विचारणा आली. मुलगा चांगला, घरचं वावर, विहिरीला पाणी. मोठेबाबांना दोन्हींचा आनंद झाला, आणि त्यांच्या मते दोन्हींचा मेळ एकच होता: पोरगी दहावी झाली म्हणून तर असं घर आलं. जयंतीच्या भाषणात पोरींना शिकवा म्हणून तेच टेबलावर मूठ आपटायचे. आपलंच भाषण असं उलटून अंगावर येईल हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. दहावीपर्यंत शिकवली की, असं ते म्हणाले. वसतिगृहात पोरगी एकटी, काही झालं तर जबाबदारी कोणाची? गेलेल्या पोरी हिरमुसून परत येतात, मग त्यांच्याशी लग्न कोण करतं? पौर्णिमा झाली की रिठदला होकार कळवतो म्हणाले. बाबा गप्प. आई चुलीपाशी पदर घेऊन बसलेली. मला जायचं होतं. रात्रंदिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि माझी बाजू मांडायला घरात एकही तोंड नव्हतं.

आषाढी पौर्णिमेला विहारात वंदना आणि खीरदान होतं. त्या वर्षी मंडळानं ठरवलं की दुपारी समाजमंदिरात व्हिडिओ आणायचा. टीव्ही आणि कॅसेटचं यंत्र मालेगावहून भाड्यानं येणार, बायांसाठी खास खेळ. कोणता पिक्चर आणायचा असं मोठेबाबांनी विचारलं तेव्हा निंदणाच्या सगळ्या टोळीनं एका आवाजात सांगितलं, सुमनचा. प्रेमानंच सांगितलं बिचाऱ्यांनी. ऐकून ऐकून जिचा पदर ओळखीचा झाला तिला एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच इच्छा. कॅसेटवाल्याला नाव कोणी सांगू शकलं नाही, पण स्टेशनवर सासरा रडतो तो, असं म्हटल्यावर त्यानं बरोबर काढून दिला. मी आईकडे पाहिलं. ती खिरीसाठी तांदूळ निवडत होती आणि नेहमीपेक्षा फारच बारकाईनं निवडत होती.

समाजमंदिराच्या खिडक्यांना पोती बांधून अंधार केला होता. बाया पुढे, बाप्ये मागे. आईला सगळ्यांनी मानानं अगदी पुढे बसवलं, ही जाणकार म्हणून. सुमन पडद्यावर आली तेव्हा गोकर्णाकाकू खुशीनं आईच्या मांडीवर थापटी मारत म्हणाली, तुमी सांगितली तशीच हाये. तशी ती अजिबात नव्हती. आईची सुमन सावळी आणि उंच होती, ही गोरी आणि ठेंगणी. मी पिक्चरपेक्षा आईलाच बघत होते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की आई डोळे मिटून बसली आहे. तिला कोणी झोपली म्हणू नये म्हणून मी तिला कोपर लावलं, तर ती हळूच म्हणाली, "चित्रं लय हालून राह्यली वं. काई ऐकूच नाई येत." मग स्टेशन आलं. सासरा रडला. शिटी झाली, चाकं फिरली, आवाज वाढत गेला, आणि मी जरा सैल झाले. मग गाडीचा शेवटचा डबा पुढे गेला, आणि फलाटावर पेटीपाशी, डोक्यावर पदर घेऊन, सुमन उभी. एक शब्द न बोलता ती सासऱ्याच्या मागं मागं घराकडे चालायला लागली. बाजा वाजला. पिक्चर संपला.

कोणी पोतं सोडलं, उजेड आत आला. बाया आईकडे बघत होत्या. मोठेबाबा मागून पुढे आले. वाईट हेतूनं नाही, वाद जिंकलेल्या माणसाच्या आनंदानं ते सगळ्यांदेखत म्हणाले, "पाह्यलं ना? आमी आजवर ऐकत होतो सुमन गेली, सुमन गेली. कुठी गेली? उतरली अन् घरी आली. शेवटी पोरीची जात घरीच येते. रिठदवाल्यायले आता आठ दिवसांत बोलावतो." आईनं पदर पुढे ओढला. भासऱ्यापुढे ती काय बोलणार. बाया एकेक करून उठल्या आणि चपला शोधू लागल्या.

घरी येऊन मी आईवर फार चिडले. आजही ते आठवलं की माझी मला लाज वाटते. तू पाहिलाच नव्हता तर दोन वर्षं सगळ्यांना काहून सांगितलास, असं मी तिला विचारलं, आणि आता तुझ्याच पिक्चरवरून माझं लग्न ठरतंय असंही म्हटलं. ती भाकरी थापत होती. थापणं न थांबवता ती म्हणाली, "गाडी गेली ते मी ऐकलं. तिच्या उतरल्याचा आवाज आला काय? तूच सांग, तू तं डोये उघडे ठेवून बसली होती. आला काय आवाज?" आवाज खरोखरच आला नव्हता. पण तेव्हा मला ते पटलं नाही, मी न जेवता झोपले.

पावसानं दोन दिवस वावरात चिखल होता, वापसा नव्हता. तिसऱ्या दिवशी टोळी किसनभाऊंच्या कपाशीत बसली, मीही एका पातीवर होते. पहिल्या अर्ध्या तासात नुसता खुरप्यांचा आवाज. कोणी आईला काही सांग म्हणेना. किसनभाऊ दोनदा धुऱ्यावर येऊन गेले आणि आज कोणी आजारी आहे का म्हणून विचारून गेले. शेवटी गोकर्णाकाकूला राहवलं नाही. तिनं विचारलं, "पंचफुलाबाई, टाकीजमंदी तुमी पाह्यलं तरी काय होतं मंग?"

आईला खोटं बोलता आलं असतं. मालेगावला दाखवला तो वेगळा होता, कॅसेटवाल्यानं शेवट कापला, असं काहीही ती रचू शकली असती. रचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण ती पातीवर बसल्या जागी सरळ झाली आणि म्हणाली, "मी काईच पाह्यलं नाई. मी आजवर टाकीजच्या आत गेलीच नाई. भिताडाबाहीर शेंगा इकत बसत होती. ऐकलं तेवढं सांगतलं, बाकीचं माह्या मनचं. जल्मात मी पिच्चर पाह्यला तो परवाचाच." खुरपी थांबली. चौदाच्या चौदा. मला वाटलं आता हिची शिवारभर फजिती होणार, आणि हिच्याबरोबर माझीही.

बोलली ती मोठीआई. पहिल्या पातीवरून, मागे न बघता. रांगेत तिचा आवाज ऐकल्याचं मला त्याआधी आठवत नाही. ती म्हणाली, "परवा पाह्यला तो मले नाई आवडला. तुह्या मनचाच सांग. अन् गाडी सुटल्यावर ती कुठी गेली ते कधी सांगतलं नाई तू, तेबी आज सांग."

आईनं खुरपं उचललं आणि सुरुवातीपासून नाही, थेट गाडीपासून सुरुवात केली. सुमन खिडकीशी बसली. शेजारी एक बाई होती, तिनं तिला भाकरी दिली. उतरल्यावर कोणी घ्यायला आलं नव्हतं, तिनं पेटी स्वतः उचलली. इथवर आई एकटी सांगत होती. पुढे काय झालं ते मी नंतर आयुष्यात कुठल्याच पुस्तकात किंवा थेटरात पाहिलेलं नाही. गोकर्णाकाकू मध्येच म्हणाली, तिच्या खोलीला खिडकी असली पाहिजे, नाहीतर जीव घाबरा होईल. आई म्हणाली, आहे, पूर्वेला आहे. कुणी म्हणालं पहिल्या दिवशी ती रडली असेल. दुसरी म्हणाली, रडली, पण पोरींनी पाहिलं नाही. कोणी तिला तापातून उठवलं, कोणी तिच्या सासऱ्याकडून पत्र आणवलं, कोणी त्या पत्राला उत्तर द्यायला लावलं. जिला अक्षर वाचता येत नव्हतं तिनं उत्तराचा मजकूर सांगितला. दुपारच्या भाकरीआधी सुमन परीक्षेला बसली होती आणि आम्ही सगळ्या पलीकडच्या धुऱ्याला पोचलो होतो. किसनभाऊ बघतच राहिले. मी मात्र ऐकत ऐकत निंदत होते आणि माझ्या लक्षात येत होतं की ह्या बाया सुमनबद्दल बोलत नाहीत. बोलत होत्या त्या माझ्याबद्दल, आणि ते मला ओळखू देत होत्या.

संध्याकाळी मोठेबाबा अंगणात बाजेवर बसून रिठदला धाडायच्या निरोपाबद्दल बाबांना सांगत होते. मोठीआई त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली आणि तांब्या देऊन तिथंच उभी राहिली. ती म्हणाली, पोरीला वाशिमला पाठवा. मोठेबाबांना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग त्यांनी समजावणीच्या सुरात विचारलं की परवा पिक्चर पाहिला नाही काय. मोठीआईनं उत्तर दिलं की पाहिला, पण आवडला नाही. मोठेबाबा हसले. "अवं, पिच्चर तं पिच्चर असते. त्याच्यावरून कोनी संसाराचं ठरवते काय?"

मोठीआई म्हणाली, "मंग परवा तुमी त्याच्यावरूनच पोरीचं लगन कायले ठरवलं?"

बाबांनी खाली घातलेली मान वर केली. आई चुलीपाशी होती, तिनं फुंकणी खाली ठेवली. मोठेबाबांनी तांब्यातलं पाणी संपवलं, मिशी पुसली. मग ते म्हणाले की मुद्दा बरोबर आहे. एवढंच. त्या माणसाबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो त्यांच्या कुठल्याही भाषणासाठी नाही, ह्या तीन शब्दांसाठी आहे. दुसऱ्या दिवशी ते स्वतः रिठदला गेले आणि चांगल्या घराला चांगल्या शब्दांत नाही सांगून आले. परतताना माझ्यासाठी कुलपाची पेटी घेऊन आले आणि कुलूप दहादा उघडून लावून दाखवलं.

अलीकडे कार्यक्रमांत मला विचारतात, तुमच्यावर कोणाच्या लेखनाचा प्रभाव पडला. लोकांना मोठी नावं ऐकायची असतात. मी सांगते की माझ्या आईनं आयुष्यात एकच पिक्चर पाहिला आणि त्याच्याशी तिचं जमलं नाही. टाळ्या पडतात, लोक हसतात. मी गंमत करते असं त्यांना वाटतं. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या चौदा पाती असतात. हल्ली बायकांच्या जीवनकहाण्यांवर, त्यांच्या प्रवासांवर सिनेमे निघतात, नातवंडं मला फोनवर लावून देतात, मी आवडीनं बघते. चांगले असतात. तरी शेवट आला की माझे डोळे आपोआप मिटतात, आणि घरातले म्हणतात, आजी झोपली.

वाशिमला निघाले त्या सकाळी फाट्यावर अख्खी टोळी आली होती. निंदणाला जायच्या वाटेवरच होत्या सगळ्या, कमरेला खुरपी. मोठेबाबा पेटी घेऊन एस.टी.त चढले, पेटी सीटखाली सरकवली, दोनदा हलवून पाहिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून खाली उतरले. मला रडू येत होतं. आईनं ते पाहिलं. माझा चेहरा तिला चांगला माहीत होता, पुढच्या फाट्यावर ही उतरून मागं येईल अशी शंका तिला आली असावी, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. भासरे शेजारी उभे होते, तरी तिनं डोक्यावरचा पदर सावरला नाही. ती दारापाशी आली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात कंडक्टरला म्हणाली, "भाऊ, हे पोरगी वाशिमलेच उतरन. मंधात रडली, उतरतो म्हनली, तरी उतरू देऊ नोका."

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं, हो म्हणाला आणि घंटी मारली.